शाहू मिलमध्ये नेमकं काय जपायचं?

कोटीतीर्थ तलावाच्या शेजारी, राजारामपुरी आणि उद्यमनगरच्या मधे, कंपाउंडच्या भिंतीआड 27 एकर जागा आहे. चौरस फुटांत सांगायचं तर जवळपास पावणेबारा लाख. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1906 साली काढलेली कापडगिरणी इथली. कागदोपत्री ती शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, बोलण्यात नुसती ‘शाहू मिल’. 2003 मध्ये ती बंद पडली. तेव्हापासून इथं काय करायचं, यावर कोल्हापुरात बोलणं थांबलेलं नाही. कधी गारमेंट पार्कची घोषणा झाली, कधी शाहू महाराजांच्या भव्य स्मारकाची. आराखडे झाले, खर्चाचे आकडे आले, बैठका झाल्या. जागा मात्र तशीच आहे.

मी वास्तुरचनाकार आहे. जुने वाडे, देवळांच्या ओवऱ्या, कौलारू शाळा यांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. मिलच्या कुठल्याही सरकारी आराखड्याशी माझा संबंध आलेला नाही. या प्रकरणात मी गुंतले ते आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे. ते शाहू मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या विभागात होते. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं, की एवढ्या वर्षांच्या चर्चेत एक प्रश्न कुणी नीट विचारलेलाच नाही: इथं जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

गिरणी इथंच का

शाहू महाराजांचं कर्तृत्व आपण शाळेत शिकतो ते आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण या अंगानं. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. पण शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसाला काम कुठं मिळणार, याचाही विचार त्याच काळात चालू होता. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसली आणि गुळाचा व्यापार तिथं एकवटला. भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचं काम मिलपाठोपाठ, पुढच्या एकदोन वर्षांतच सुरू झालं. 1917 मध्ये जयसिंगपूरची बाजारपेठ उभी राहिली. रेल्वे, पेठ, गिरणी, धरण यांच्या तारखा एका ओळीत मांडल्या की एक सलग योजना दिसते. शेतीचं पाणी, शेतमालाचा बाजार, मालाची वाहतूक आणि शेतीबाहेरची नोकरी, हे सगळं एकमेकांना धरून होतं.

काळही तसाच होता. वंगभंगानंतर 1905 पासून स्वदेशीची हवा होती. शेजारी इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला होता. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला कोळसा लागतो, कापूस लागतो आणि तयार माल बाहेर न्यायची सोय लागते. रेल्वे नसती तर कोल्हापुरात गिरणी काढणं फार अवघड गेलं असतं. त्या मानानं इचलकरंजीचा माग एका खोलीत बसायचा. पुढं शंभर वर्षांत काय झालं ते या फरकात बरंचसं दडलेलं आहे.

बंद का पडली

याची कारणं एकट्या शाहू मिलची नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. आजारी गिरण्या चालवायला 1966 मध्ये महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळ निघालं आणि शाहू मिल त्याच्याकडे गेली. गिरणीतली यंत्रं जुनी, आस्थापनेचा खर्च मोठा. यंत्रमागाला यातलं काहीच नव्हतं. घराच्या पडवीत चार माग, घरचीच माणसं, खर्च कमी. तासाभराच्या अंतरावरची इचलकरंजी वाढत गेली आणि कोल्हापूरची गिरणी खंगत गेली. 1982 च्या संपानंतर मुंबईत जे एकदम झालं, ते राज्यातल्या बाकीच्या गिरण्यांत हळूहळू झालं. नागपूरची एम्प्रेस मिल, टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली, याच महामंडळाच्या ताब्यात होती. ती 2002 मध्ये बंद झाली, शाहू मिल तिच्या पाठोपाठ.

एम्प्रेसच्या जागेवर आज मॉल आणि इमारती आहेत. गिरणीचं नाव मॉलला दिलं, गिरणी गेली. मुंबईत दादरला इंदू मिलची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. चैत्यभूमीच्या शेजारची ती जागा मिळावी ही लाखो लोकांची न्याय्य मागणी होती, आणि गिरणीच्या इमारतींशी बाबासाहेबांचं थेट नातं नव्हतं, त्यामुळे तिथं त्या उतरवल्या गेल्या यात विसंगती नव्हती.

शाहू मिलचं तसं नाही. इथं स्मारक ज्यांचं करायचं, त्यांनीच ती गिरणी उभी केली आहे. इमारती उतरवून तिथं शाहूंचं स्मारक बांधणं म्हणजे त्यांच्या हातचं काम पुसून त्यावर त्यांचं नाव लिहिणं. असं कुणी उघडपणे सुचवलेलं नाही, हे मान्य. आराखड्यांत ‘काही शेड जतन करू’ अशी भाषा असते. पण ‘काही’ म्हणजे कोणत्या, आणि त्या कोणत्या निकषावर निवडायच्या, यावर बोलणं होत नाही. माझी काळजी तिथं आहे.

शाहूंची बाकीची स्मारकं

कोल्हापुरात शाहू महाराजांची आठवण कुठं कुठं आहे ते मोजून बघा. दसरा चौकात पुतळा आहे आणि शाहू स्मारक भवन आहे. कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस, जन्मस्थळ. नर्सरी बागेत समाधी, जिथं आपली समाधी असावी अशी त्यांचीच इच्छा होती आणि जी 2020 मध्ये पूर्ण झाली. वसतिगृहं आहेत. 1912 चं खासबाग मैदान आहे, 1915 चं पॅलेस थिएटर आहे, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह.

यातलं प्रत्येक ठिकाण शाहूंचं एकेक अंग सांगतं: जन्म, मृत्यू, शिक्षण, कुस्ती, नाटक. फक्त ‘हाताला काम’ हे अंग सांगणारी जागा म्हणजे ही गिरणी, आणि नेमकी तीच बंद आहे. त्यामुळे इथं पुन्हा जीवनचरित्राचं दालन, पुन्हा पुतळा, पुन्हा ध्वनिप्रकाशाचा खेळ केला तर शहराला नवीन काहीच मिळणार नाही. ते सगळं दसरा चौकात जास्त शोभेल.

म्हणून गारमेंट पार्कची कल्पना मला कधीच टाकाऊ वाटली नाही. स्मारकाचा आग्रह धरणारे लोक तिच्याकडे व्यापारी नजरेची म्हणून बघायचे. पण शिलाई मशीनवर बसून पगार घेणारी शंभर बायामाणसं हे शाहूंच्या मूळ हेतूच्या पुतळ्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे. स्मारक की उद्योग, अशी निवड करायला लावली तिथंच गाडं अडलं, असं माझं मत आहे.

2022 चा मे महिना

6 मे 2022 रोजी महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्या उभ्या राहिल्या. मी बिंदू चौकात होते. सिग्नल हिरवा झाला तरी एकही गाडी हलली नाही. त्या कृतज्ञता पर्वात मिलच्या आवारात प्रदर्शनं भरली आणि लोकांना कित्येक वर्षांनी आत जाता आलं.

काका तेव्हा आत गेले होते. मुलगा, सून, नातू सगळ्यांना घेऊन. परत आल्यावर मी विचारलं, “कसं वाटलं काका?”

“फोटो झ्याक लावल्यात,” म्हणाले. “पर आमचं कुठं काय हाय त्यात? नातू इचारतोय, आजोबा तुम्ही कुठं उभारत हुता? आता रिकाम्या जागंत कुठं दावू त्याला?”

हे मला लागलं. तिथं मांडलं होतं त्यात खोटं काहीच नव्हतं. महाराजांची दुर्मीळ छायाचित्रं बघून माझेही डोळे भरले होते. पण ज्या माणसानं त्या छपराखाली आयुष्य काढलं, त्याला स्वतःची उभं राहायची जागा नातवाला दाखवता आली नाही.

रिंग खातं

पुढच्या रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे गेले. “काका, तुमचं खातं काढून दाखवा,” म्हटलं. त्यांनी माझा कागद बाजूला सारला, भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि उलटं करून त्यावर आखायला घेतलं. मोठा कागद लागतो म्हणाले.

त्यांनी आधी दार काढलं. मग साच्यांच्या रांगा. गिरणीत यंत्राला साचा म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण एका माणसाकडे साच्याच्या किती बाजू, दोन साच्यांमधून चालताना खांदा कुठं घासतो, हे ठाऊक नव्हतं. कापूस गाठीतून निघाला की आधी ब्लोरूममध्ये पिंजला जातो, कचरा झडतो. मग कार्डिंगमध्ये तंतू विंचरले जातात आणि जाड, मऊ पेळू निघतो. तो ओढून बारीक, आणखी बारीक करत रिंग खात्यात येतो. तिथं त्याला पीळ बसतो आणि सूत कांडीवर गुंडाळलं जातं. कांड्या भरल्या की त्या काढून रिकाम्या लावायच्या. पुढं सूत मागावर जातं, धोटा फिरतो, कापड होतं.

काकांचं काम तुटलेली तार जोडायचं. साचा न थांबवता, फिरती कांडी एका हातानं क्षणभर धरून दुसऱ्या हातानं टोक भिडवायचं. “सांगून येत न्हाई ते,” म्हणाले आणि हवेत बोटं फिरवून दाखवलं. सत्तरी ओलांडलेली बोटं, पण हालचाल इतकी नेमकी की मला समोर सूत दिसलं. सूत कोरड्या हवेत जास्त तुटतं, म्हणून खात्यात हवा दमट ठेवायची. उन्हाळ्यात अंगावर घाम, त्यावर कापसाचे तंतू. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना बघून ओळखू येत नव्हतं, असं ते म्हणाले.

त्यांनी बदली कामगार म्हणून सुरुवात केली. रोज दारात येऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाही तर घरी. कायम व्हायला वर्षं गेली. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, चांगला होता की वाईट, यावर तारीख ठरायची. खात्याखात्यात कोणत्या गावची माणसं जास्त होती, कुणाचा डबा कुणाबरोबर खाल्ला जायचा आणि कुणाचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. शाहूंच्या नावाच्या गिरणीत जातपात पाण्याच्या माठापाशी कशी वागायची, ही गोष्ट कुठल्याही दालनात मांडली जाणार नाही. माझ्या मते ती पहिल्यांदा मांडायला हवी, कारण महाराज आयुष्यभर त्याच्याशीच झगडले. 1920 च्या मार्चमध्ये माणगावला बाबासाहेबांना पुढं आणणारा माणूस तो. त्यांनी काढलेल्या गिरणीत तो लढा कुठवर पोचला आणि कुठं अडला, हा खरा इतिहास आहे.

मिलच्या फिटर खात्यातल्या एका सोबत्याची गोष्टही त्यांच्याकडे आहे. तो पुढं उद्यमनगरात एक लेथ टाकून बसला आणि त्याच्या पोरांनी कारखाना काढला. कोल्हापूरचा इंजिनिअरिंग धंदा, उसाचे चरक, ऑइल इंजिनं, फाउंड्र्या, याची मुळं शोधताना आपण थोर मिस्त्रींची नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या गिरणीतून किती हात त्या बाजूला गेले हे कुणी मोजलेलं नाही. काकांसारख्या पंचवीस-तीस माणसांशी बोललं तरी निदान चित्र दिसायला लागेल.

इथं एक साधा हिशोब आहे आणि तो मला झोपू देत नाही. 2003 मध्ये जो कामगार पंचविशीचा होता तो आज पन्नाशीकडे आला आहे. जो पंचावन्नचा होता तो पंचाहत्तरीच्या पुढं. गिरणी चांगली चालताना बघितलेले लोक दुसऱ्या गटात आहेत. इमारत आणखी दहा वर्षं उभी राहील. ही माणसं राहतीलच असं नाही.

आधी नोंद, मग आराखडा

माझ्या धंद्यात एक नियम आहे: कोणत्याही जुन्या वास्तूला हात लावण्याआधी तिची मापं घ्या. हा नियम किती महत्त्वाचा आहे हे कोल्हापूरला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कळलं, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकार, प्रेक्षक, आसपासचे दुकानदार रस्त्यावर उभे राहून रडत होते. पुन्हा जसंच्या तसं उभारू, असं सगळ्यांनी म्हटलं. पण ‘जसंच्या तसं’ करायला तुळयांची मापं लागतात, जोडांचे फोटो लागतात, कोणत्या काळात काय बदललं याची टिपणं लागतात. ती असली तर काम सोपं, नसली तर अंदाज.

मिलमध्ये आज काय मोजता येईल? जमिनीतले पायाचे बोल्ट, ज्यांच्यावर साचे बसवलेले असतात. यंत्र भंगारात गेलं तरी बोल्ट बहुधा तसेच राहतात आणि त्यांच्या अंतरावरून रांगा ओळखता येतात. वरच्या तुळयांवर पट्ट्यांच्या शाफ्टचे ब्रॅकेट असतात. करवती दातांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे का असतात, हेही मुलांना तिथंच उभं करून समजावता येतं: सुतावर थेट ऊन पडू नये आणि दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून. बॉयलरचा पाया, चिमणीची जोडणी, पाण्याच्या वाटा. कागदपत्रांत मस्टर, पगारपत्रकं, फंडाची रजिस्टरं. ती जिथं असतील तिथं वाळवीच्या आधी पोचायला हवं. याला कोटी रुपये लागत नाहीत. वास्तुशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी, परवानगीचं एक पत्र आणि दोन उन्हाळे पुरतील.

अडचण जागेच्या मालकीची आहे. जागा राज्याच्या महामंडळाची, स्मारकाची इच्छा शहराची, पैसे कुणी द्यायचे हा तिसराच विषय. मोठ्या आराखड्याचा एक तोटा असा, की तो पूर्ण मंजूर झाल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. 27 एकर एकदम हलवायचे म्हणून 27 एकर एकदम थांबतात. मला वाटतं, एका शेडपासून सुरुवात करावी. त्यात एक चालू रिंग साचा बसवावा, जुना मिळाला तर उत्तम, आणि तार जोडायला शिकवणारा माणूस तिथं असावा. शेजारच्या शेडमध्ये शिवणकामाचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष उत्पादन. नोंदीचं काम संपेपर्यंत बाकीची जागा निदान पावसापासून वाचवावी.

काही मित्र म्हणतात, एवढी मोक्याची जागा, थोडी विकून त्यातून पैसा उभा करा. जयप्रभा स्टुडिओचं काय झालं ते त्यांना आठवत नाही का? भालजी पेंढारकरांचा तो स्टुडिओ 1959 मध्ये लता मंगेशकरांकडे गेला, मग जागेचे तुकडे पडत गेले, आणि 2022 मध्ये उरलेल्या भागाचाही व्यवहार झाल्याचं कळल्यावर कलाकार उपोषणाला बसले. तुकडा विकला की उरलेला तुकडा विकणं सोपं होतं. मिलच्या बाबतीत मी एक इंचही विकू नये या मताची आहे. भाड्यानं द्या, वापरात आणा, पण सार्वजनिक मालकी सोडू नका.

कॅलेंडरची मागची बाजू

काकांचा नकाशा मी घरी आणला आणि मोजमापाच्या कागदावर उतरवून घेतला. त्यात नऊ माणसांची नावं आहेत, प्रत्येक नाव एकेका बाजूपाशी. एका ठिकाणी नुसता गोल आहे, आत काहीच नाही. तिथला माणूस आठवत नाही म्हणाले, चेहरा आठवतो.

आठ दिवसांनी ते स्वतः माझ्या दारात आले. धाप लागली होती, तीन मजले चढून आले होते.

“पोरी, तो कागूद दे जरा.”

मी दिला. त्यांनी खिशातून खोडरबर काढलं, पहिली रेघ पुसली आणि दार पश्चिमेकडून काढून पूर्वेकडे घातलं. मग थोडं मागं सरून बघितलं.

“रात्री ध्येनात आलं. सकाळच्या पाळीला आत येताना ऊन पाठीवर असायचं.”

मग त्या रिकाम्या गोलापाशी त्यांनी पेन्सिल टेकवली, जरा वेळ धरून ठेवली आणि तशीच उचलली.